मातीच्या कोर्टांवर काँक्रीट ओतण्याआधी : क्लबच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

सूचना फलकावर गेल्या आठवड्यात लागलेला कागद वाचला. टेनिसची मातीची दोन्ही कोर्टं काढून तिथे काँक्रीटचा स्लॅब टाकायचा, एकावर सिंथेटिक कोर्ट करायचं, दुसऱ्यावर जाळी लावून बॉक्स क्रिकेट. आणि शेवटच्या ओळीत, जाता जाता सांगावं तसं : ‘मातीवरील पुरुषांची खुली स्पर्धा यावर्षीपासून स्थगित.’ खाली सही आणि शिक्का. हरकती मागवल्याचा कुठे उल्लेख नाही. म्हणून हे पत्र कार्यालयात देऊन पोच घेतो आहे, आणि चार लोकांना वाचायलाही देतो आहे. क्लबचं आणि गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. नाव लिहिलं की आपल्याकडे प्रश्न बाजूला राहतो आणि माणसांची उणीदुणी सुरू होतात.

माझा यात काय संबंध, ते आधी सांगतो. मी आजीव सभासद. नोकरी बांधकाम खात्यात झाली, ती सगळी मराठवाड्यातच. रस्ते, मोऱ्या आणि पाझर तलाव यांत ती संपली. त्यामुळे मुरूम, खडी आणि काळी माती यांच्याशी ओळख टेनिसच्या आधीची. खेळाडू म्हणून मी सामान्य. आपल्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीपलीकडे कधी गेलो नाही. पण ड्रॉ काढणं, म्हणजे कोण कुणाशी खेळणार ते ठरवणं, अंपायरच्या खुर्चीत बसणं, बाहेरगावच्या खेळाडूंच्या राहण्याची सोय लावणं ही कामं वर्षानुवर्षं केली आहेत. सध्या सकाळच्या तुकडीत माझा नातू खेळतो. म्हणजे मी तटस्थ नाही, हे धरूनच पुढचं वाचावं.

कागदात कारणं तीन दिली आहेत : माती कालबाह्य झाली, देखभाल परवडत नाही, पाणी नाही.

कालबाह्य? ८ जून २०२५ ला पॅरिसमध्ये रोलाँ गॅरोसवर, म्हणजे फ्रेंच ओपनमध्ये, कार्लोस अल्काराझ आणि यानिक सिन्नर यांची अंतिम लढत चालू होती. क्लबच्या हॉलमधल्या टीव्हीवर तुमच्यापैकी काही जणांनी ती माझ्या शेजारी बसून पाहिली. पहिले दोन सेट सिन्नरचे. चौथ्या सेटमध्ये तो ५-३ ने पुढे, अल्काराझची सर्व्हिस, ०-४०. अजिंक्यपदाला एक गुण कमी आणि तो मिळवायला तीन संधी. तिन्ही हुकल्या. सामना पाच तास एकोणतीस मिनिटं चालला. त्या स्पर्धेच्या इतिहासात एवढी लांबलेली अंतिम लढत दुसरी नाही. शेवटचा टायब्रेक अल्काराझनं १०-२ असा घेतला तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचा सुमार होता. अध्यक्षसाहेब, सगळ्यात जोरात टाळ्या तुमच्याच होत्या. तो सामना मातीवर झाला, आणि मातीवर होता म्हणूनच तो इतका चालला.

मातीवर टप्पा पडला की चेंडूचा वेग मरतो आणि उसळी वाढते. जोराची सर्व्हिस टाकून गुण फुकटात मिळत नाही. समोरच्याला चेंडू गाठायला अर्धा क्षण जास्त मिळतो. मग गुण रचावा लागतो : एकाला कोपऱ्यात ढकला, परत आणा, पुन्हा ढकला, मधेच ड्रॉप टाका. याचमुळे तिथल्या विजेत्यांची यादी इतर स्पर्धांसारखी दिसत नाही. टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा म्हणजे ग्रँड स्लॅम; पीट सॅम्प्रसनं एकेरीची अशी १४ जिंकली, त्यात पॅरिसचं एकही नाही. १९९६ ची उपांत्य फेरी हीच त्याची तिथली मजल. बोरिस बेकरला अख्ख्या कारकिर्दीत मातीवर एकेरीचं एकही विजेतेपद मिळालं नाही. जॉन मॅकेन्रो १९८४ च्या अंतिम सामन्यात दोन सेटनी पुढे होता आणि इव्हान लेंडलकडून हरला. उलट १९८९ मध्ये सतरा वर्षांच्या मायकेल चँगनं, पायात गोळे येत असताना, त्याच लेंडलला खालून हलकीच सर्व्हिस टाकून चक्रावलं, सामना काढला आणि पुढे स्पर्धाही जिंकली. १९९७ मध्ये गुस्ताव्हो कुएर्तेन आला तेव्हा जागतिक क्रमवारीत ६६ वा होता. जाताना करंडक घेऊन गेला. आणि राफाएल नदाल : २००५ ते २०२२ या काळात १४ विजेतेपदं, आणि २०२४ पर्यंत ११६ सामने, हार फक्त ४. एकाच स्पर्धेत असा हिशेब दुसऱ्या कुणाचा आहे, हे क्रीडा समितीनं मला सांगावं.

आपल्या माणसांचंही पाहा. महेश भूपती १९९७ मध्ये ग्रँड स्लॅम जिंकणारा पहिला भारतीय ठरला, रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरीत, ते पॅरिसच्या मातीवर. १९९९ मध्ये पुरुष दुहेरीत लिएंडर पेस-भूपती जोडी, २०१७ मध्ये मिश्र दुहेरीत रोहन बोपण्णा, तेही तिथेच. रमेश कृष्णननं १९७९ मध्ये तिथली ज्युनियर स्पर्धा जिंकली होती. सुमित नागल २०२४ मध्ये माँटे कार्लो मास्टर्स स्पर्धेच्या मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारा पहिला भारतीय झाला, तेही मातीच.

परिस्थितीनुसार खेळ बदलतो, हे मातीचं दुसरं वैशिष्ट्य, आणि लेकरांना शिकवण्यासारखं खरं तेच आहे. पॅरिसची स्पर्धा एरवी मे-जूनमध्ये होते. ऊन पडलं, माती कोरडी झाली की चेंडू पळतो आणि खांद्याच्या वर उसळतो. ओल धरली की चेंडू जड होतो आणि रॅली लांबते. २०२० मध्ये कोविडमुळे स्पर्धा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गेली. थंडी, ओल आणि शिवाय चेंडूही नव्या कंपनीचा. तो जड पडतोय म्हणून नदालची तक्रार होती. अंतिम सामना पावसामुळे छत बंद करून खेळवला. त्यातही नदालनं नोव्हाक जोकोविचला ६-०, ६-२, ७-५ असं हरवलं. २०१२ मध्ये तिथे छत नव्हतं तेव्हा याच दोघांचा अंतिम सामना पावसानं अर्ध्यावर सोडून सोमवारी संपवावा लागला होता.

हेच सगळं आपल्या दोन कोर्टांवर लहान प्रमाणात घडायचं. दिवाळीनंतर स्पर्धा लागली की सकाळच्या सामन्यांना दहिवर असायचं. चेंडू ओला होऊन फुगायचा, लाल व्हायचा, आणि जोरात मारणारे पुण्याचे खेळाडू पहिल्या सेटमध्येच वैतागायचे. दुपारी दोनला त्याच कोर्टवर धूळ उडायची, चेंडू सुसाट निघायचा. सकाळी जिंकलेला माणूस दुपारी दुहेरीत ओळखू येत नसे. आपल्या माणसांना याची सवय. साखर कारखान्यातला तो क्लार्क आठवा. उंची बेताची, बॅकहँड कामचलाऊ, पण घसरत जाऊन चेंडू असा उचलायचा की समोरचा हात टेकायचा. दोनदा जिंकला. त्याचं नाव विजेत्यांच्या लाकडी फलकावर आहे. तो फलक हॉलमधून काढून आता कोठारात, मोडक्या कॅरम बोर्डांमागे, तोंड भिंतीकडे करून ठेवला आहे. मी बाहेर ओढून पाहिला. वरच्या काही नावांचा पांढरा रंग पोपडे धरून गळून गेला आहे. शेवटच्या विजेत्याच्या नावापुढे वर्ष घालायचंही राहून गेलंय.

मातीवर उमटलेला ठसा खाली उतरून पाहता येतो, हेही सांगितलं पाहिजे. विम्बल्डननं २०२५ पासून रेषेवरचे पंच काढून यंत्रं आणली, पॅरिसनं त्या वर्षीही माणसं ठेवली. कारण वाद झाला की अंपायर खुर्चीतून उतरतो आणि ठसा दाखवतो. आपल्याकडे कॅमेरे परवडणार नाहीत. माती आहे तोवर ते लागतही नाहीत. रेषेवरून भांडण लागलं की दोघं खेळाडू, मी आणि एखादा आगंतुक प्रेक्षक अशी चार डोकी एका ठशावर वाकलेली असायची.

आता देखभालीचं कारण. यात मला राग येतो, तरी जपून लिहितो.

कोर्ट खराब झालं हे खरं आहे. कसं झालं तेही लिहायला हवं होतं. कोर्ट सांभाळणारा आपला जुना माणूस निवृत्त झाला, त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. माळ्याला सांगितलं, जमेल तसं बघ. आधीचा माणूस पहाटे कोर्टवरून अनवाणी चालायचा आणि सांगायचा, “सायेब, काल पाणी जास्त झालंय, आज आठच्या आत कुणाला सोडू नका.” त्याचं ऐकलं जायचं. आता कुलूपच नसतं. ओल्या कोर्टवर बूट घालून कुणीही उतरतं, टाचांचे खड्डे पडतात, ते वाळून दगडासारखे होतात आणि त्यावर चेंडू कुठेही उडतो. मग म्हणायचं, माती वाईट.

कोर्ट दाबायचा रूळ गंजला. त्याचा दांडा मोडून कितीतरी काळ झाला, वेल्डरकडे न्यायला कुणाला सवड झाली नाही. पावसाळ्यानंतर वरचा थर खरवडून नवी माती आणि विटांची पूड टाकायची आपली पद्धत होती, ती बंद पडली. ताडपत्री होती, ती मांडवाला गेली, परत आली नाही.

आणि मांडव. लॉन लग्नाला भाड्यानं देता, त्यावर माझा आक्षेप नाही, क्लबला पैसा लागतो. पण वऱ्हाड वाढलं म्हणून कोर्ट क्रमांक दोनवर जेवणाच्या पंगती घातल्या, त्यासाठी बेसलाइनच्या आत पहारीनं खड्डे घेऊन बल्ल्या रोवल्या, आणि केटररचा टेम्पो सर्व्हिस बॉक्सपर्यंत आणला. अवकाळी पाऊस त्याच आठवड्यात पडून गेलेला. त्या चाकांची चाकोरी अजून आहे. कुणीही संध्याकाळी तिरप्या उन्हात जाऊन पाहावं. बल्ल्यांचे खड्डे मलब्यानं बुजवले, त्यात सिमेंटची ढेकळं आहेत, एका पोराचा घोटा त्यावरच मुरगळला. त्या लग्नाचं भाडं किती आलं आणि त्यातलं किती कोर्टावर खर्च झालं, एवढं वार्षिक सभेत विचारलं तर ‘विषय पत्रिकेवर नाही’ असं उत्तर मिळालं.

पाण्याचं कारण मात्र मी उडवून लावणार नाही. मराठवाड्यात पाण्यावर बोलताना जीभ आवरावी लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात आपण कोर्टं बंद ठेवली, आणि कुणी खेळाडू कुरकुरला नाही. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा बंद ठेवू. पण मातीला पिण्याचं पाणी लागत नाही. न्हाणीघरातलं आणि बेसिनचं पाणी गाळून मागच्या हौदात सोडलं, तर संध्याकाळचा शिडकावा त्यावर भागेल; त्याला पाइप आणि गाळणीची टाकी, एवढंच लागतं. शिवाय एक विचारतो. कोर्टाला पाणी नाही म्हणता, मग लग्नाच्या लॉनवर मे महिन्यातही स्प्रिंकलर कसे फिरतात? हिरवळीला कोर्टापेक्षा पाणी कमी लागतं असं समितीचं म्हणणं असेल, तर दोन्हीकडे मीटर बसवू आणि महिनाभर मोजू.

स्लॅबबद्दल माझ्या धंद्यातलं बोलतो. आपला क्लब काळ्या मातीवर उभा आहे. काळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर नीट पाया न घेता टाकलेलं काँक्रीट तडकतं, हे आपल्या गावातल्या निम्म्या अंगणांत दिसतं. तडा गेला की वरचा सिंथेटिक रंगही त्याच रेषेत फाटतो. तो भरला तरी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडतो, आणि दुरुस्तीला कारागीर बाहेरगावाहून बोलवावा लागतो. मातीचं कोर्ट सकाळी उखडलं तर संध्याकाळी आपलाच माणूस घमेलं आणि धुमस घेऊन नीट करतो.

जुन्या लोकांनी कोर्टाखाली काय करून ठेवलंय, याची समितीला कल्पना आहे का? मागे पाण्याच्या लाइनसाठी कडेनं चर खणला, तेव्हा मी आत उतरून पाहिलं होतं. काळी पूर्ण काढलेली. तळाला हातात न मावणारे दगड, त्यावर खडी, त्यावर कोळशाची जळकी खर, मग मुरूम चांगला दाबलेला, आणि सगळ्यात वर चाळलेली माती व विटांची पूड. पॅरिसचं कोर्टही असंच थरांचं असतं : खाली दगड-खडी, मग कोळशाची खर, मग चुनखडीचा पांढरा थर, आणि वर लाल विटांची पूड जेमतेम एक-दोन मिलिमीटर. टीव्हीवर दिसणारा तो लाल रंग म्हणजे एवढीच पूड. आपल्या गावाभोवती वीटभट्ट्या आहेत. फुटक्या विटांचे ढीग भट्टीवाले रस्त्यात टाकायला देतात. आपल्या कोर्टावर पडलेलं पाणी या थरांतून खाली मुरतं. स्लॅब टाकल्यावर ते कुठे जाणार, नकाशात दाखवलेलं नाही. उतार पाहता ते पलीकडच्या वस्तीत जाईल, आणि मग तिथली माणसं तुमच्या दारात येतील.

उन्हाचंही बघा. एप्रिल-मेमध्ये आपला पारा चाळिशीच्या वर असतो. शिडकावा केलेली माती सकाळी नऊपर्यंत पायाला सोसते. रंगवलेलं काँक्रीट रात्रभर उष्णता धरून ठेवतं. संध्याकाळी सहाला त्यावर उभं राहिलं तरी तळवे भाजतात. उन्हाळी सुट्टीत लेकरांची गर्दी सर्वांत जास्त असते, आणि नेमक्या तेव्हाच ते कोर्ट खेळण्याजोगं राहणार नाही. मातीवर पाय घसरू देता येतो, त्यामुळे गुडघ्याला हिसका कमी बसतो. वयस्क सभासद मातीवर येतात ते याचसाठी.

हार्ड कोर्ट, म्हणजे काँक्रीटवर सिंथेटिक थर दिलेलं कोर्ट, नकोच असं मी म्हणत नाही. पुण्यात, बालेवाडीत एटीपीची, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची, स्पर्धा हार्ड कोर्टवर व्हायची. आपल्या मुलाला पुढे जायचं तर ते पायाखाली असायलाच हवं. पण त्यासाठी पश्चिमेच्या भिंतीलगतची जागा मोकळी पडून आहे, जिथे आता निकामी जनरेटर आणि जुनी कपाटं ठेवली आहेत. तिथे एक हार्ड कोर्ट सहज बसतं. बॉक्स क्रिकेटलाही माझा विरोध नाही. संध्याकाळी पैसे देऊन खेळायला येणारी पोरं क्लबला हवीच आहेत. ती पार्किंगच्या मागच्या पट्टीत खेळू शकतील. तयार असलेलं मोडूनच नवं करायचं, हा हट्ट मला कळत नाही.

माझ्या, आणि या पत्राखाली सह्या करणाऱ्या सभासदांच्या, मागण्या अशा :

फलकावरचा निर्णय विशेष सर्वसाधारण सभा होईपर्यंत स्थगित ठेवावा आणि तोवर कोर्टांवर कुठलंही यंत्र उतरवू नये. 

स्लॅबचं अंदाजपत्रक, मातीची तपासणी झाली असल्यास तिचा अहवाल आणि ठेकेदाराचं नाव सभासदांना पाहायला ठेवावं. तपासणी झालेली नसेल, तर तसं लेखी द्यावं.

दोन्ही मातीची कोर्टं राहावीत. अगदीच अडलं तर एक क्रमांकाचं कोर्ट तरी हात न लावता ठेवावं. तडजोड म्हणून मी इथपर्यंतच येऊ शकतो.

कोर्ट सांभाळायला पूर्ण वेळ माणूस नेमावा, त्याचा पगार लॉनच्या भाड्यातून द्यावा, आणि जुन्या माणसाला चार महिने मानधनावर बोलावून नव्याला शिकवायला सांगावं. तो यायला तयार आहे. मी विचारून आलो आहे.

कोर्टावर मांडव, पंगत, वाहन, काहीही नको. हा नियम भाड्याच्या पावतीवर छापावा.

पुरुषांची खुली स्पर्धा यावर्षी डिसेंबरमध्ये, मातीवरच, घ्यावी. बक्षिसाची रक्कम कमी असली तरी चालेल. ड्रॉ, अंपायर आणि पाहुण्यांच्या राहण्याची जबाबदारी आम्ही काही जण घेतो. महिलांची एकेरी त्यासोबत सुरू करण्याचा विषयही सभेत मांडू. तो फार पूर्वीच व्हायला हवा होता.

फलक हॉलमध्ये परत लावावा. रंगाऱ्याचा खर्च मी देतो.

सभेची तारीख पंधरा दिवसांत कळवावी. तोवर प्रत्यक्ष पाहणीसाठी समितीतल्या कुणीही यावं, सकाळी सहा ते आठ मी एक नंबरच्या कोर्टवर असतो. येताना चपला घालून आलात तरी हरकत नाही, कोर्टाच्या कडेनं चालू. चर कुठे खणला होता ती जागाही दाखवेन.

कळावे,
आपला नम्र,
एक आजीव सभासद
(निवृत्त अभियंता, बांधकाम खाते)